काळे पाते विका, पण नवे म्हणूनच

सुऱ्या, सत्तूर आणि अडकित्ते घडविणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे काही गिऱ्हाइके चकचकीत पाते नाकारून काळसर, जुन्या घडणीचे वाटणारे पाते मागतात. ही मागणी पुरविण्यात गैर काही नाही. मात्र रीत माहीत हवी आणि विकतानाची बोली साफ हवी, असे आम्हाला वाटते.

प्रथम माल ओळखावा. हे काम कार्बन पोलादावरच होते. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्यावर हा रंग चढत नाही. तयार पाते भट्टीत तापवून काळे करण्याचा मोह टाळावा. पाणी दिलेले पाते पुन्हा २०० अंश सेल्सियसच्या बरेच वर तापले, की मऊ पडते आणि धार टिकत नाही.

थंड रीत स्वस्त आणि सोपी आहे. पाते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे व साबणाने धुऊन तेलाचा अंश काढावा. मग बोट लावू नये, ठसा उमटतो. कोमट सिरक्यात अर्धा तास बुडविल्यावर पाते करडे होते. ते धुऊन कडक, गार चहाच्या काढ्यात काही तास ठेवावे. चहातील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा रंग देते. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच गुणाने काळी होई. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, कोरडे करून खोबरेल लावावे आणि धार नव्याने काढावी. हाताला लागणारा तांबूस थर म्हणजे गंज, तो घासून काढावा.

बंदुका काळ्या करण्याच्या तयार द्रावणांत पुष्कळदा सेलेनियमचे विषारी क्षार असतात. मांस-भाजी कापायच्या पात्याला ती कदापि लावू नयेत.

आता व्यवहाराची गोष्ट. असे पाते 'शंभर वर्षांचे' म्हणून खपविले, तर चार पैसे जास्त मिळतील. पण ती उघड फसवणूक आहे. शिवाय १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. म्हणजे दावा खोटा असो वा खरा, अडचण दुकानदाराचीच.

म्हणून बिलावर 'नवे पाते, काळी पॉलिश' असे स्पष्ट लिहावे. लिंबू-चिंचेने रंग फिका पडतो, हेही आधीच सांगावे. असे गिऱ्हाईक तक्रार घेऊन नव्हे, दुसरी सुरी घ्यायला परत येईल.