मोरीतले श्रम आणि राष्ट्रीय उत्पन्न

घरातील धुणे आणि घरातील कुत्र्याचे स्नान यांची सांगड घालणे प्रथमदर्शनी काहीसे विनोदी वाटेल. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी ती यापूर्वीच घातलेली आहे. माणसे आपला दिवस कशाकशात वेचतात याची नोंद करण्यासाठी २०१६ साली जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण सिद्ध झाले, त्यात कपडे धुणे, वाळविणे, इस्त्री करणे आणि पाळीव प्राण्यांची निगा राखणे ही कामे एकाच विभागात येतात. कुटुंबीयांसाठी केलेल्या विनावेतन गृहसेवांचा हा विभाग. स्वयंपाक, केरवारा आणि बाजारहाट यांनाही त्यातच स्थान आहे. या विभागाच्या नावातील ‘विनावेतन’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. वेतन नाही म्हणून किंमत नाही, किंमत नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून ते कामच नव्हे, अशी एक विचित्र साखळी व्यवहारात तयार झाली आहे.

ज्वारी मोजली, भाकरी नाही

मळलेले कपडे लॉण्ड्रीत दिले, तर त्यांच्या धुलाईची रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येते. तेच कपडे घरातील स्त्रीने मोरीत बसून धुतले, तर साबणाची किंमत हिशेबात येते, विजेची येते. तिच्या श्रमांची मात्र येत नाही. कुत्र्याला दुकानात नेऊन पैसे मोजून स्नान घातले की देशाचे उत्पन्न वाढले. घरी बादलीभर पाण्यात घातले की ते जागच्या जागी राहिले. या विसंगतीकडे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच लक्ष वेधले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी नोकरीस असलेल्या स्त्रीशी विवाह केला, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा त्यांचा दाखला अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

पैशाचा व्यवहार झाला नाही म्हणून ही नोंद होत नाही, असे कोणी म्हणेल. वस्तुतः हे उत्तर अपुरे आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पिकवून स्वतःच्याच घरी खाल्लेल्या ज्वारीचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. तिथेही पैसा हातातून हातात गेलेला नसतो. त्या ज्वारीचे पीठ मळून भाकरी थापणाऱ्या हातांचे मूल्य मात्र धरले जात नाही. घरच्या घरी निर्माण झालेली वस्तू मोजावी आणि घरच्या घरी दिलेली सेवा वगळावी, हा जगभर पाळला जाणारा हिशेबाचा संकेत आहे. तो सोयीसाठी स्वीकारलेला आहे. सोयीचा संकेत म्हणजे निसर्गनियम नव्हे, एवढे भान ठेवले तरी पुरे.

न मोजलेले हे श्रम आहेत तरी किती? भारत सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार सहा वर्षांवरील दर पाच स्त्रियांपैकी चार जणी दिवसाकाठी विनावेतन घरकाम करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण जेमतेम चारांत एक आहे. काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर काम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली खरी. पण ती पुरुषाने उचलली असे म्हणण्यास जागा नाही, कारण त्याचीही नऊ मिनिटे वाचली आहेत.

परिटाकडून मोरीकडे

कपडे धुण्याचे काम पूर्वीपासून केवळ गृहिणीकडेच होते, असे मात्र नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे कपडे त्याने धुवावेत आणि सुगीच्या वेळी त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळावे, अशी ती व्यवस्था होती. ती जातीच्या उतरंडीवर उभी होती आणि तिच्यात अन्यायही होता. परंतु धुणे हे श्रमाचे काम असून त्याचा मोबदला द्यावा लागतो, एवढे तरी तिला मान्य होते. परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, तेव्हा स्वच्छतेच्या श्रमांना प्रतिष्ठा असते हेच ते समाजाला सांगत होते.

शहरांत महालक्ष्मीच्या धोबीघाटासारख्या ठिकाणांनी हे काम दीर्घकाळ सांभाळले. पुढे कृत्रिम धाग्यांचे, झटकन वाळणारे कापड आले आणि धुण्याची पावडर स्वस्त झाली. १९५९ मध्ये भारतात आलेली सर्फ ही सुखवस्तू घरांची पावडर होती. १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत निरमाची पिवळी पावडर तिच्या एकतृतीयांशाहूनही कमी दरात विकावयास आरंभ केला आणि तिचा फेस चाळीचाळींत पोहोचला. विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांमुळे साध्या साबणाचा फेस होत नाही, कपड्यांवर चिकट थर मात्र बसतो. ही अडचण पावडरीने बरीच दूर केली. गृहिणीचे कष्ट त्यामुळे हलके झाले यात संशय नाही. पण धुलाई स्वस्त आणि सोपी होताच पैसे देऊन बाहेर करून घ्यावयाचे बरेचसे काम घरात परतले, हेही तितकेच खरे.

यंत्राची गोष्टही अशीच आहे. जोअन वानेक यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अमेरिकेतील पूर्णवेळ गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत असे आणि १९६० च्या दशकात, घरात यंत्रे आल्यानंतर, सुमारे ५५ तास. विशेष म्हणजे धुण्याचा वेळ वाढला होता. कारण कपडे वाढले आणि ते वरचेवर धुतले जाऊ लागले. रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात याच निष्कर्षाचा विस्तार केला. यंत्राने अंगमेहनत वाचविली, पण स्वच्छतेची अपेक्षा उंचावली आणि धोबिणीचे काम गृहिणीच्या गळ्यात टाकले. मराठी मध्यमवर्गीय घरातही याहून वेगळे चित्र नाही. धोपटणे आणि पिळणे यंत्राने आपल्याकडे घेतले. खिसे तपासणे, रंग सोडणारे कपडे वेगळे काढणे, कॉलर घासणे, नळाच्या वेळेवर लक्ष ठेवणे, दोरीवर घालणे, पावसाची सर आली की धावत जाऊन काढणे, घड्या करून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणे, ही कामे अद्याप माणसाचीच आहेत. घरोघरी ती बहुधा एकाच माणसाची आहेत.

रविवारचे स्नान

इथेच कुत्र्याचे स्नान उद्बोधक ठरते. निरोगी कुत्र्याला रोज स्नान घालावे लागत नाही. पुष्कळ जातींना महिन्याकाठी एखादे पुरते. पाणी कोमट हवे, कानांत जाऊ नये. माणसाचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेइतकी आम्लधर्मी नसते आणि अशा साबणाने तिच्यातील स्निग्धता निघून जाऊन ती कोरडी पडते. फेस पूर्णपणे धुऊन काढून अंग नीट कोरडे करावे. काम मेहनतीचे असले तरी गमतीचे आहे, रविवारचे आहे आणि सर्वांच्या देखत होणारे आहे. म्हणूनच एरवी मोरीकडे न फिरकणारे घरातील पुरुष आणि मुलगे ते हौसेने अंगावर घेतात.

प्रश्न त्यानंतरचा आहे. केसांनी भरलेले पंचे, कुत्र्याच्या अंथरुणावरील चादर, अंग झटकल्यामुळे भिजलेले कपडे आणि ओली फरशी यांचे काय? केस झटकल्याखेरीज चादर यंत्रात टाकली तर जाळी तुंबते. ती बाहेर नेऊन झटकणारे हात कोणाचे? स्नान घालणारा कौतुक घेऊन मोकळा होतो आणि उरलेले सारे नेहमीच्या धुण्यात जमा होते. हौसेने, आपल्या सवडीने करावयाचे काम एकाकडे आणि टाळता न येणारे रोजचे काम दुसऱ्याकडे, ही घरातील श्रमविभागणी मिनिटांच्या आकड्यांतही पुरती उमटत नाही. वसतिगृहात आपले कपडे आपण धुणारा विद्यार्थी सुटीत घरी येताना मळक्या कपड्यांची पिशवी आईसाठी घेऊन येतो, तेव्हा तोही नकळत हीच विभागणी मान्य करीत असतो.

या श्रमांचे मोल ठरतच नाही असे नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये अपघाती मृत्यूच्या भरपाईचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या कालविनियोग पाहणीचा आधार घेतला आणि गृहिणीच्या कामास मानीव उत्पन्न धरणे न्यायोचित ठरविले. निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि काम करणारी व्यक्ती गेल्यावरच तिच्या कामाला किंमत यावी, यात समाजाची शोभा नाही.

ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने घरगुती सेवांचे पूरक लेखे प्रसिद्ध केले असून त्यात धुलाईचाही समावेश आहे. भारताकडे आता पाहणीचे आकडे आहेत. असे लेखे नियमितपणे मांडणे अशक्य नाही. परंतु सरकारी लेख्यांची वाट पाहण्याचे घराला कारण नाही. आठवडाभर एका कागदावर धुण्याची प्रत्येक पायरी आणि ती करणाऱ्याचे नाव लिहावे. पगारपत्रकाची बेरीज तपासणाऱ्या कारकुनाला आणि हजेरीपट भरणाऱ्या शिक्षकाला ते अवघड नाही. त्या कागदावर एकच नाव पुनःपुन्हा येत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाटणी त्याच कागदाच्या मागच्या बाजूस लिहावी. आणि ज्याने कुत्र्याला स्नान घालावयाचे, त्यानेच पंचे धुवावेत, हे तीतले पहिले कलम असावे.