कुत्र्यांतील चिरकारी आंत्रविकारांची परीक्षणे

कुत्र्यांमध्ये तीन आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या अतिसार, वांत्या, अन्नद्वेष व वजनातील घट या लक्षणांवरून चिरकारी (दीर्घकालीन) आंत्रविकाराची शंका घेतली जाते. आतड्याच्या शोथाप्रमाणेच (दाहयुक्त सुजेप्रमाणेच) परजीवी तसेच अग्निपिंड, यकृत, मूत्रपिंड व अधिवृक्क ग्रंथी यांचे विकारही हीच लक्षणे उत्पन्न करतात. यांपैकी प्रत्येकाची चिकित्सा भिन्न आहे. म्हणून एकाच परीक्षणावर विसंबून न राहता इतर कारणे क्रमाने वगळीत निदान केले जाते.

संदर्भमर्यादा : अहवालात प्रत्येक मापनापुढे दिलेल्या मर्यादांत सामान्यतः ९५ टक्के निरोगी प्राण्यांची मूल्ये येतात. अर्थात २० निरोगी कुत्र्यांपैकी एकाचे मूल्य या मर्यादेबाहेर जाणे स्वाभाविक आहे. परस्परांशी संबंध नसलेली २० मापने एकाच निरोगी कुत्र्यावर केली, तर किमान एक मूल्य मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सु. ६४ टक्के असते. त्यामुळे किंचित कमीअधिक असलेला एकटा आकडा रोगाचा पुरावा ठरत नाही. मर्यादा मापनपद्धतीनुसार बदलत असल्याने दोन प्रयोगशाळांतील आकड्यांची सरळ तुलनाही करता येत नाही.

मलपरीक्षा : हिच्यात अंकुशकृमींची अंडी व जिआर्डिया या आदिजीवाच्या पुटी शोधतात. पुटी मलातून सतत बाहेर पडत नसल्याने एका नमुन्यात त्या न आढळल्यास संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. यासाठी निरनिराळ्या दिवसांचे तीन नमुने तपासणे इष्ट असते. उलट कँपिलोबॅक्टर व क्लॉस्ट्रिडियम यांसारखे सूक्ष्मजंतू निरोगी कुत्र्यांच्या मलातही आढळतात. त्यांचे केवळ अस्तित्व हे रोगाचे कारण समजत नाहीत.

रक्तपरीक्षा : अल्ब्युमीन हे प्रथिन कमी आढळल्यास ते आतड्यातून झिरपून जात असण्याचा संभव असतो. मात्र मूत्रातील प्रथिन व यकृताचे कार्य तपासून मूत्रपिंड व यकृत यांचे विकार आधी वगळावे लागतात. आंत्रविकारात दर १०० मिलि. रक्तरसातील अल्ब्युमीन २ ग्रॅमपेक्षा कमी असणे हे गंभीर लक्षण मानतात. कॉर्टिसॉल या हॉर्मोनाचे मूल्य दर १०० मिलि.मध्ये २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास अधिवृक्क ग्रंथीची न्यूनता बहुधा नाही असे समजतात. मूल्य त्याहून कमी असले, तरी तेवढ्याने निदान होत नाही. त्यासाठी ग्रंथीला उत्तेजित करून पुन्हा मापन करावे लागते.

अग्निपिंडातील पाचक एंझाइमे अपुरी पडल्यास भरपूर खाऊनही कुत्रा रोडावतो व विपुल, फिकट मल टाकतो. जर्मन शेफर्ड जातीत हा विकार विशेष आढळतो. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तरसातील ट्रिप्सीनसदृश पदार्थाचे मापन हे त्याचे विश्वसनीय परीक्षण होय. दर लिटरमध्ये २.५ मायक्रोग्रॅम वा त्याहून कमी मूल्य दीर्घकाळ निदानदर्शक मानले गेले. नव्या मापनपद्धतीत ही सीमा वेगळी असू शकते.

ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, तर फॉलिक अम्लाचे सुरुवातीच्या भागात होते. त्यामुळे विकाराचे स्थान सूचित होते. ब१२ च्या शोषणास लागणारा घटक कुत्र्यात मुख्यतः अग्निपिंडातून स्रवतो. म्हणून त्या इंद्रियाच्या विकारातही हे जीवनसत्त्व घटते. त्याची उणीव भरून न काढल्यास अन्य उपचारांचा पुरेसा गुण न येण्याचा संभव असतो.

आहारचाचणी व जीवोतक परीक्षा : प्रकृती बरी असलेल्या कुत्र्यास पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनाचा अथवा जलविच्छेदित प्रथिनाचा आहार काटेकोरपणे देतात. चिरकारी आंत्रविकाराच्या बऱ्याच रुग्णांत दोन आठवड्यांत सुधारणा दिसते. ही चाचणी चालू असता एखादा बिस्किटाचा तुकडा दिला, तरी निष्कर्ष निरुपयोगी ठरू शकतो. सुधारणा न झाल्यास किंवा अल्ब्युमीन फार घटले असल्यास अंतर्दर्शकाने आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासतात. त्यांत लसीका कोशिका व प्लाझ्मा कोशिका यांची दाटी दिसली, तरी आहाराने बरा होणारा व स्टेरॉइडांनी बरा होणारा शोथ यांतील भेद त्यावरून कळत नाही. कर्करोग ओळखण्यास मात्र ही परीक्षा महत्त्वाची आहे. तत्पूर्वी स्टेरॉइडे दिल्यास लसीका ऊतकाच्या कर्करोगाची चिन्हे झाकली जाऊन निदानास विलंब होतो. म्हणून परीक्षणे पूर्ण होण्याआधी ही औषधे सुरू न करणे श्रेयस्कर असते.