हुमले, कोळी आणि मोहरावरच्या माश्या

हापूसच्या काढणीला झाडावर चढणारा गडी आंब्याआधी हुमल्यांची घरटी कुठे आहेत ते बघतो. कोकणात कुठे हुमले, कुठे ओंबील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तांबूस मुंग्या हिरवी पानं शिवून घर करतात. प्रौढ मुंगीकडे रेशीम नसतं, ते अळीकडे असतं. म्हणून एक रांग पानांच्या कडा ओढून धरते आणि दुसरी रांग तोंडात अळी धरून ती धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर फिरवते. एका वसाहतीत मुंग्यांची संख्या लाखांच्या घरात जाते आणि तिची घरटी शेजारच्या अनेक झाडांवर पसरलेली असतात. घरट्याला धक्का लागला की त्या चावतात आणि चाव्याच्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात. त्यामुळे बागायतदाराच्या लेखी हुमले म्हणजे उपद्रव, आणि घरटं दिसलं की त्यावर पहिला फवारा.

दक्षिण चीनमधल्या बागायतदारांचं मत वेगळं होतं. जी हान याच्या नावावर असलेला आणि इ.स. ३०४ मध्ये लिहिला गेला असं मानला जाणारा एक वनस्पतिग्रंथ आहे. त्यात संत्रावर्गीय बागांसाठी याच मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत असल्याची नोंद आहे. मुंग्यांना या झाडावरून त्या झाडावर जाता यावं म्हणून पुढे बागांमध्ये बांबूचे पूल बांधले गेले. किडीवर कीड सोडण्याची ही जगातली सगळ्यात जुनी लेखी नोंद धरली जाते. अलीकडच्या काळात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी उत्तर ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांत हेच मोजून पाहिलं. तिथे काजूवरचा ढेकण्या, आंब्यावरचे तुडतुडे आणि कोयकिडा यांना मुंग्यांनी चांगलाच आवर घातला. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये पॉल व्हॅन मेले यांना मुंग्या असलेल्या झाडांवर फळमाशीचं नुकसान कमी आढळलं. फळमाशी मुंग्यांच्या तोंडी पडते एवढंच त्याचं कारण नाही. मुंग्या जिथे वावरून गेल्या आहेत अशा फळावर ती अंडी घालायलाच कचरते.

हे आपल्या जिव्हाळ्याचं आहे. १ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने हापूसची आयात थांबवली, ती खेपांमध्ये फळमाशी सापडल्यामुळे. बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडला. अमेरिकेची दारं त्याआधी वर्षानुवर्षं बंद होती, ती २००७ साली उघडली, तेही लासलगावच्या केंद्रात आंब्यावर विकिरण करून कोयकिड्याचा बंदोबस्त केल्यानंतर. कोयीत लपलेल्या एका भुंग्यासाठी आंबा रत्नागिरीहून लासलगावला, कांद्याच्या बाजारपेठेत गेला आणि तिथून विमानात चढला!

तरी हुमल्यांना बागेचे रखवालदार म्हणून सरसकट प्रशस्तिपत्र द्यायला मी तयार नाही. त्यांना गोड रस हवा असतो आणि तो देणाऱ्या पिठ्या ढेकणांना आणि खवले किडींना त्या चक्क सांभाळतात. कोयकिडा कमी झाला आणि पिठ्या वाढला, असं होऊ शकतं. झाडावर निव्वळ मित्र कुणीच नसतो.

याच वसाहतींच्या आसपास एक कोळी राहतो, मिर्मॅप्लाटा नावाचा. तो हुबेहूब हुमल्यासारखा दिसतो, पुढचे दोन पाय वर धरून मिशांचा आव आणतो आणि मुंगीच्याच लगबगीने चालतो. नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे असा भास होतो. मुंग्यांपासून मात्र तो चार पावलं दूरच राहतो. मुंगीच्या वाट्याला सहसा कुणी जात नाही, तेच त्याचं चिलखत. अमायसिया नावाचा दुसरा कोळी हेच सोंग घेऊन मुंग्यांचीच शिकार करतो. कीटकांच्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त वेळ अडकवणारं पान हेच.

कोळ्यांची भूक मोठी असते. जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा अंदाज मार्टिन नायफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर यांनी २०१७ मध्ये मांडला. पण हा आकडा ऐकून कोळी म्हणजे फुकटचं कीटकनाशक असं समजायचं कारण नाही. कोळी निवडत नाही. तुडतुडा खातो तशी मधमाशीही खातो, शेजारचा कोळीही खातो. त्याची खरी किंमत वेळेत आहे. चेक प्रजासत्ताकातल्या नासपतीच्या बागांत थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला, बाकीचे भक्षक निजलेले असताना, काही कोळी जागे राहून नासपतीवरचे रस शोषणारे किडे टिपतात, असं राडेक मिखाल्को आणि स्तानो पेकार यांना दिसलं. कीड वाढायच्या आधीच कमी झालेली असते.

आपल्याकडे तुडतुड्याचं गणित असंच आहे. मोहर नसतो तेव्हा तुडतुडे खोडाच्या सालीतल्या फटींत दडून दिवस काढतात. त्याच सालीवर हर्सिलिया कोळी चिकटून बसलेला असतो. मागे दोन लांब शेपट्यांसारखे तंतुकोश आणि अंगावर सालीचाच रंग, त्यामुळे हातभर अंतरावरूनही तो दिसत नाही. भक्ष्य जवळ आलं की तो त्याच्याभोवती गरगर फिरून त्याला धाग्यांत जखडून टाकतो.

मोहर आला की वेगळीच वर्दळ सुरू होते. मोहराच्या एका तुऱ्यात फुलं शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. त्यांतली बरीचशी निव्वळ नर, थोडी उभयलिंगी. परागीभवनाचं काम बरंचसं माश्या करतात: फुलमाश्या, घरमाश्या, निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या. तैवानमध्ये आंब्याच्या बागायतदारांनी यासाठी अशा माश्या मुद्दाम पोसल्या. कोकणातही मोहराच्या दिवसांत बागेत मासळीचं टाकाऊ टांगून माश्यांना आवतण देणारे बागायतदार आहेत. वास येतो, पण फळ धरतं. पंचाईत अशी की याच दिवसांत तुडतुडे मोहराचा रस शोषतात, चिकटा पडतो, चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि बागायतदार पंप उचलतो. औषध तुडतुड्याला ओळखत नाही, माशीला ओळखत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर कोळ्यांवर फारच भारी पडतात. मग लाल कोळीसारख्या, नावापुरत्याच कोळी असलेल्या सूक्ष्म किडी किंवा फुलकिडे उसळतात, कारण त्यांना खाणारे आधीच मेलेले असतात. त्यांच्यासाठी पुन्हा नवी बाटली येते.

याच्या उलट घडलेल्या गोष्टीही आहेत. क्रिप्टोलेमस हा छोटा भुंगा ऑस्ट्रेलियातून १८९८ साली दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला गेला. आज तो द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडला जातो. त्याची अळी पांढरी, मेणचट आणि झालरीची, थेट पिठ्या ढेकणासारखी. त्यामुळे नेमकी तीच वेचून चिरडली जाण्याचा धोका असतो. २००८ मध्ये कोइंबतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या पपईपर्यंत पोचला. औषधं हरली. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून असेरोफेगस पपाये ही इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली आणि कीड ओसरली. नारळावरची रुगोज चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीत दिसली आणि पुढे कोकणपट्टीतही आली. तिच्यावर वाढणारी एन्कार्सिया गांधीलमाशी शेताशेतात आपोआप पसरली, म्हणून शास्त्रज्ञांनी सल्ला दिला की रासायनिक फवारणी करू नका. काहीच न करण्याचा सल्ला पाळणं शेतकऱ्याला किती जड जातं, ते कीटकनाशकाच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं की कळतं.

काही किडींची राहणीच चकवणारी असते. विदर्भात संत्र्याची फळं रात्री टोचून रस पिणारा पतंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या अळ्या संत्र्यावर नसतात. त्या बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणजे बागेत नुकसान करणाऱ्याचा पत्ता बागेबाहेरचा. डाळिंबातली सुरसा अळी तर फळाचा देठ रेशमाने फांदीला बांधून ठेवते, आपण आत असताना फळ गळून पडू नये म्हणून.

आता शहरात येऊ. मुंबईत गेल्या दहा-पंधरा वर्षांत रस्त्यांवरचे मोठे पर्जन्यवृक्ष एकामागून एक वाळले आणि त्यांच्यावर पिठ्या ढेकूण सापडला. दोष किडीवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहरात एमिली माइनेके आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ओकच्या एका जातीवरच्या खवले किडी मोजल्या. शहराच्या सगळ्यात तापलेल्या भागातल्या झाडांवर त्या थंड भागातल्या झाडांपेक्षा १३ पटींपर्यंत जास्त भरल्या. डांबर, काँक्रीट, काचेच्या भिंती यांची उष्णता रस शोषणाऱ्या किडीला मानवते. झाडाचे मात्र पाण्यावाचून हाल होतात आणि दुबळं झाड कीड सोसू शकत नाही. मुंबईच्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यापर्यंत आलेले पेव्हर ब्लॉक बघितले की रॅले फार लांब वाटत नाही.

शहरातल्या झाडांवर सगळंच वाईट घडतं असं नाही. सातविणीच्या पानांवर ज्या गाठी दिसतात त्या एका सायलिड कीटकाच्या असतात. पानं कुरूप होतात, झाड खुशाल उभं असतं. पांगाऱ्याची गोष्ट वेगळी. २००४ मध्ये विज्ञानाला नव्याने कळलेली एक गाठमाशी दोन-तीन वर्षांत आशियाभर पसरली आणि पांगाऱ्याची कोवळी पालवी गाठींनी वाकडीतिकडी झाली. उंबराचा संसार तर पूर्ण दुसऱ्याच्या जिवावर चालतो. फळाच्या टोकाच्या चिंचोळ्या भोकातून मादी गांधीलमाशी आत शिरते, शिरताना पंख गमावते, परागकण देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकींना बाहेर पडल्यावर एखाद-दोन दिवसांत योग्य अवस्थेतला दुसरा उंबर गाठावा लागतो. रस्ता रुंद करताना तोडलेला एक उंबर म्हणजे या प्रवासातला एक मुक्काम कमी.

आणि कोळी इथेही आहेत. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून एका नव्या उडी कोळ्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. २६/११ ला प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याचं नाव इसियस तुकारामी ठेवलं गेलं. लोकल गाड्यांच्या गर्दीच्या पट्ट्यात विज्ञानाला अपरिचित कोळी राहत होता, ही बातमी एक दिवस चालली.

शहरातल्या झाडांसाठी फार मोठ्या योजना लागत नाहीत. बुंध्याभोवती एक मीटरची जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी २०१३ मध्येच दिला होता. त्या एका मीटरमध्ये पाणी मुरतं, आणि पडलेला पाला रोज झाडून नेला नाही तर तिथे भुंगे, मुंग्या आणि जमिनीवरचे कोळी टिकतात. बऱ्याच सोसायट्या मात्र पाला जाळतात किंवा घंटागाडीत भरतात आणि पावसाळ्यानंतर झाडांवर औषध मारायला पेस्ट कंट्रोलवाला बोलावतात. तिकडे कोकणात दिवाळी सरता सरता हापूसच्या पालवीवरची पहिली फवारणी होते, आणि वेळापत्रकातलं पहिलं औषध बहुधा पायरेथ्रॉइडच असतं. त्या वेळी मोहर यायचा असतो आणि तुडतुडे अजून थोडेच असतात.