विश्लेषण : सोन्याच्या दुकानातले सेल्समन सारखे का बदलतात? नोकरी सोडताना त्यांचं काय बुडतं?

लग्नाची खरेदी म्हटली की माहीमहून निघून दादरच्या रानडे रोडवर सराफाकडे जायचं, हा अनेक घरांचा शिरस्ता. पेढी तीच असते, पण गेल्या वर्षी मंगळसूत्र दाखवणाऱ्या ताई यंदा काउंटरवर दिसत नाहीत. 'त्या सोडून गेल्या,' एवढंच उत्तर मिळतं. असं का होतं, समजून घेऊया.

काम नेमकं काय असतं?

दागिने दाखवणं हा कामाचा एक भाग. सकाळी ट्रे मोजून ताब्यात घ्यायचे, दिवसभर उभं राहायचं आणि रात्री नग व वजन पुन्हा जुळवायचं. एक अंगठी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत घरी जाणं लांबतं. अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशीला इतरांचा सण, यांची सर्वाधिक धावपळ.

मग लोक सोडतात का?

पगार बेताचा आणि टार्गेट पूर्ण केलं तर इन्सेंटिव्ह, अशी पद्धत सर्रास दिसते. एप्रिल २०२५मध्ये १० ग्रॅम सोन्याचा भाव जीएसटी धरून एक लाख रुपयांवर गेला. ग्राहकाचं बजेट तेवढंच राहिलं, तर विकलं जाणारं वजन घटतं. टार्गेट ग्रॅममध्ये असेल, तर ते गाठणं आणखी कठीण. अशा वेळी शेजारच्या दुकानाने दोन हजार जास्त देऊ केले की पाऊल बाहेर पडतं.

नुकसान कुठे होतं?

ग्रॅच्युइटीत. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानाला हा नियम लागू होतो. कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण करावी लागतात. हिशेब सोपा आहे : शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षं. ही रक्कम १५,६०० रुपये असेल, तर वर्षाला ९,००० आणि पाच वर्षांचे ४५,००० रुपये. चार वर्षांनी उडी मारली, तर हे पैसे सहसा हातचे जातात. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना मात्र एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते.

नवं दुकान निवडताना काय पाहावं?

फक्त पगाराचा आकडा नको. दादरमध्ये फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या 'टोरेस'ने गुंतवणुकीवर दर आठवड्याला परतावा देऊ केला होता. जानेवारी २०२५मध्ये पैसे थकले, दुकानाबाहेर गर्दी जमली आणि शिवाजी पार्क पोलिसांनी गुन्हा नोंदवला. अटक झालेल्यांत दुकानाच्या प्रमुखही होत्या. दागिन्यांपेक्षा योजना विकायला सांगणारं काउंटर दिसलं, तर दोनदा विचार करा.

सोडण्याआधी या तीन गोष्टी करा

• नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. ग्रॅच्युइटीसाठी त्या लागतात.

• पीएफ काढून टाकू नका. त्याच यूएएनवर नव्या नोकरीत वळवा.

• शेवटच्या दिवशी स्टॉक सोपवल्याची लेखी पोच घ्या. राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं. 'स्टॉक जुळला नाही' म्हणून ते अडवलं गेलं, तर हीच पोच कामी येईल.