दुकानातील पाटी आणि आपले घर

गेल्या महिन्यात इचलकरंजीत एका पानपट्टीपाशी आम्ही उभे होतो. यंत्रमागांची पाळी नुकतीच सुटली होती. सुताजवळ विडी ओढणे धोक्याचे. म्हणून मागावरील मंडळी रात्रपाळीस चुना-तंबाखू मळतात. गर्दीतून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पुढे आला आणि ‘बाबांना पाहिजे’ म्हणून पुडी घेऊन गेला. त्याच्या डोक्यावरच पाटी होती : अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा दंडनीय गुन्हा आहे.

आम्ही दुकानदारास रागे भरणार, तोच आमची जीभ अडखळली. शिक्षक असताना तपकिरीसाठी आम्ही स्वतःच कितीदा तरी विद्यार्थ्यांस पिटाळले आहे!

ही पाटी दुकानदाराच्या मर्जीची नव्हे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास 2003 च्या केंद्रीय कायद्याने बंदी केली असून पाटी किमान 60 सेंटीमीटर लांब व 30 सेंटीमीटर रुंद असावी, असा नियम आहे. मूल ती कोणासाठी नेते, हे कायदा विचारीत नाही.

आमच्या शास्त्रकारांनी विधी आणि निषेध असे वाक्यांचे दोन प्रकार मानले आहेत. पाटीवर निषेध आहे, विधी नाही. ज्यास व्यसन सोडावयाचे आहे त्याने काय करावे? याचे उत्तर 2018 पासून पाकिटावर छापले जाते : 1800-11-2356 हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी. परंतु सुटी विडी किंवा प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेला मावा घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतेच कोठे? महाराष्ट्रात सुट्या विड्या-सिगारेटींच्या विक्रीस 2020 साली बंदी झाली, तरी सवय सुटलेली नाही. अशा गिऱ्हाइकासाठी हा क्रमांक दुकानातच मोठ्या अक्षरांत हवा.

न्यूयॉर्क शहराने 2009 साली तंबाखूच्या दुकानांत असे सचित्र फलक सक्तीचे केले. परंतु हा विषय मध्यवर्ती कायद्याचा आहे, असे ठरवून तेथील न्यायालयाने 2010 साली ती सक्ती रद्द केली. आपल्याकडे कायदाच केंद्राचा असल्याने केंद्र सरकारने मनात आणल्यास ही अडचण उरत नाही.

तथापि, पाटी दुकानात लागली तरी तिचे पालन घरापासूनच व्हावयास हवे. मुलाच्या हाती तंबाखूचे पैसे देणारा हात दुकानदाराचा नसतो. तो वडिलांचा, काकांचा, आजोबांचा असतो. निदान आपल्या घरातील मूल तरी त्या पाटीखाली उभे राहू नये, एवढे वडीलधाऱ्यांनी आजच ठरवावे. आमच्याकडून ते वेळेवर झाले नाही, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस केले.