कुंतीचे कुंपण

बागेला कुंपण घालावयाचे म्हणजे तार ओढावयाची किंवा भिंत बांधावयाची, अशी समजूत शहरांतून रूढ झाली आहे. परंतु बारा महिने हिरवे राहणारे आणि वर सुगंध देणारे कुंपण ज्याला हवे असेल, त्याने कुंतीचा विचार अवश्य करावा. मराठीतील कुंती ती हिंदी आणि बंगाली मुलखांतील कामिनी. तिचे शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. त्यातील 'मुराया' हे लिनियसच्या मरे नावाच्या शिष्यावरून पडले व १७७१ पासून प्रचारात आहे. कढीलिंब हा तिचा जवळचा आप्त. संत्रे आणि लिंबूही त्याच कुळातील. या भाऊबंदकीचे त्रांगडे पुढे येणारच आहे.

कुंतीची पिकलेली लाल फळे चोळून, गर धुऊन, बी ताजे असतानाच पेरावे. साठविलेले बी लवकर निकामी होते. रोपे सावकाश वाढतात, त्याला इलाज नाही. पावसाळ्याच्या आरंभी दीड फूट खोल चर खणून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि फूटफूटभर अंतरावर रोपे लावावीत. पाणी साचणाऱ्या जागेत मुळे कुजतात, तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात.

खरी परीक्षा कात्रीची. रोपे भराभर उंच व्हावीत म्हणून मालक ती दोन वर्षे वाढू देतो, मग वरून छाटतो, आणि खाली उघडे बुंधे पाहून झाडाला दोष देतो. वास्तविक कुंपण खालून भरावयाचे असते. रोप रुजून वाढीला लागले, की ते वीतभर उंचीवर निर्दयपणे छाटावे. तेथून बाजूंना फांद्या फुटतात. त्या चारसहा बोटे वाढल्या की पुन्हा शेंडे खुडावेत. उंची अशी पायरीपायरीनेच वाढू द्यावी. छाटताना तळ रुंद व माथा अरुंद राखावा. माथा रुंद झाला, तर त्याच्या सावलीत खालची पाने गळतात, आणि तेथूनच शेळी आत शिरते.

फुले मात्र फांद्यांच्या टोकांशी येतात. सदैव भिंतीसारखी कातरलेली कुंती क्वचितच फुलते. पावसाळ्याच्या तोंडावर कात्री काही आठवडे बाजूला ठेवली, तर सायंकाळी सारे अंगण दरवळते. नीटनेटकेपणासाठी एवढ्या सुखावर पाणी सोडणे हा सौदा तोट्याचाच.

आता ते त्रांगडे. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग नावाचा असाध्य रोग पसरविणारा सायला हा चिमुकला कीटक कुंतीच्या कोवळ्या पालवीवर आनंदाने पोसला जातो, आणि प्रत्येक छाटणीनंतर कोवळी पालवी फुटतेच. म्हणून नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या बागेशेजारी कुंतीचे कुंपण घालणे म्हणजे शत्रूला वेशीपाशी जेवू घालण्यासारखे आहे. तेथे करवंद लावावी. तीही सदाहरित, शिवाय काटेरी, त्यामुळे गुरे तिच्या वाटेस जात नाहीत. आणि उन्हाळ्यात लोणच्यापुरती करवंदे मिळतात ती निराळीच.