जयपूरच्या ताटातील भूमध्य चव

गुलाबी शहर जयपूर म्हटले की दाल-बाटी-चुरमा, कांद्याची कचोरी आणि घेवर हे पदार्थ डोळ्यांपुढे येतात. अलीकडच्या काळात मात्र याच शहरातील लहान उपाहारगृहांच्या पदार्थसूचीत हमस, फलाफल, पिटा अशी ग्रीस, तुर्कस्तान, लेबनॉन या भूमध्य समुद्राकाठच्या देशांतील नावेही वाचावयास मिळतात. राजस्थानला ही नावे अगदी नवी नाहीत. जवळच्या पुष्कर या संपूर्ण शाकाहारी तीर्थक्षेत्री इस्रायली पर्यटकांसाठी फलाफल तळणाऱ्या गाड्या पुष्कळ वर्षांपासून उभ्या आहेत.

गोव्यात वागातोर येथे सुरू झालेल्या आणि पुढे शिवोलीला गेलेल्या ‘थलासा’ या ग्रीक उपाहारगृहाच्या नावाचा अर्थच समुद्र असा आहे. तेथे मासळीची वाण नाही. जयपूरला समुद्र नाही आणि ग्राहकांत शाकाहारी व जैन कुटुंबांची संख्या मोठी. असे असूनही हा स्वयंपाक येथे परका ठरत नाही, कारण ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात वर्षातील निम्म्याच्या आसपास दिवस उपवासाचे मानले जातात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. साहजिकच कडधान्ये, वांगी, पालक, टोमॅटो यांवर आधारलेले विपुल पदार्थ त्या देशाने घरोघरी जपले आहेत. अडचण येते ती लसणाची. जैन ग्राहकासाठी हमस वेगळे वाटावे लागते.

मराठी वाचकाने हे ताट जरा निरखून पाहिले तर ओळखीचे चेहरे दिसतील. हमस म्हणजे शिजवलेले काबुली चणे, लिंबू, लसूण आणि ताहिनी यांचे वाटण. ताहिनी म्हणजे सोललेले तीळ हलके भाजून केलेले चटणीसारखे पातळ वाटण. ज्या प्रांतात ब्यावरची तिलपट्टी प्रसिद्ध आहे, तेथे तिळाची उणीव कशी भासावी? झात्झिकी म्हणजे चक्क्यात कालवलेली काकडीची कोशिंबीर. ज्याला ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून भारी किमतीत विकले जाते, तो दही फडक्यात टांगून मिळणारा आपला श्रीखंडाचा चक्काच होय. पिटा तंदुरातही फुगतो.

खरा प्रश्न दोन जिन्नसांपाशी उभा राहतो. पहिला फेटा. नाव वाचून डोक्यावरचा फेटा आठवेल, परंतु हे खारवलेले चीज आहे. युरोपीय संघाने 2002 मध्ये हे नाव ग्रीसमधील ठरावीक प्रदेशांपुरते राखून ठेवले. त्यात किमान 70 टक्के दूध मेंढीचे आणि उरलेले शेळीचे असावे लागते. राजस्थानात मेंढ्यांचे कळप मोठे असले तरी ते प्रामुख्याने लोकर आणि मांसासाठी पाळले जातात. म्हणून येथे बहुधा गाईच्या वा म्हशीच्या दुधापासून त्या धर्तीवर केलेले चीज वापरतात. चवीत फरक पडतो, पण निभावते.

दुसरा जिन्नस ऑलिव्ह तेल, आणि तेथे निभावणे कठीण. राजस्थानने ते स्वतः पिकवण्याचा धाडसी प्रयत्न केला. राज्याचे कृषी पणन मंडळ, पुण्याची फिनोलेक्स प्लासॉन आणि इस्रायलची इंडोलिव्ह यांच्या भागीदारीत 2007 मध्ये राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. 2008 मध्ये इस्रायलहून लाखाहून अधिक रोपे आणून सरकारी शेतांवर ठिबक सिंचनाखाली लावण्यात आली. जयपूरजवळील बस्सी हे त्या कामाचे एक केंद्र. ऑलिव्हला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यातील थंडी लागते आणि वाळवंटी प्रदेशातील रात्री ती पुरवतील, असा हिशेब होता. 2014 मध्ये बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसर येथे तेलाचा कारखानाही उभा राहिला. उत्पादन मात्र अपेक्षेइतके आले नाही. देशात वापरले जाणारे ऑलिव्ह तेल आजही जवळजवळ सर्वच परदेशातून, मुख्यत्वे स्पेन आणि इटलीतून येते.

त्यामुळे जयपूरच्या गल्लीतील उपाहारगृहाचा ताळेबंद अँडालुसियातील पावसाशी बांधला गेला आहे. अवर्षणामुळे 2022-23 च्या हंगामात स्पेनचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली घसरले, जगभर भाव चढले आणि त्याची झळ लहान व्यावसायिकाला बसली. स्वस्त असताना मोठा साठा करावा, तर खेळते भांडवल अडकते. शिवाय जयपूरच्या उन्हाळ्यात उष्णतेने तेल लवकर खवट होते. करआकारणीचीही एक बाजू आहे. साध्या उपाहारगृहांना नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे, परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. तेल महागले की त्यावरील करही तेवढाच वाढतो आणि तो खर्चातच जमा होतो. पदार्थाचे दर दर महिन्याला वाढवता येत नाहीत, कारण येणारा ग्राहक शेजारचा, रोजच्या ओळखीचा असतो.

व्यवहारी मार्ग स्वयंपाकघरातच सापडतो. फलाफल तळण्यासाठी शेंगदाण्याचे वा सोयाबीनचे तेल पुरते; तळणीत ऑलिव्हचा नाजूक गंध तसाही टिकत नाही. महाग तेल गडद रंगाच्या लहान बाटल्यांतून, लागेल तसे आणायचे. ते चुलीवर न चढवता, हमस ताटलीत पसरून मध्ये खळगा केला की त्यात शेवटी चमचाभर ओतायचे.